दगडाच्या पोटातला किडा

उंबरवाडीच्या म्हसोबाच्या पारावर त्या रविवारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. चाकणहून, म्हाळुंग्याहून, पार तळवड्याहून माणसं बैलगाड्या जुंपून आली होती. बाया लेकरं कडेवर घेऊन टाचा उंचावत होत्या, म्हातारे काठीने वाट काढत होते. पाराच्या मधोमध घोंगडीवर वाडीतला आजारी पोरगा ज्योतीराम उताणा पडला होता. त्याच्या उघड्या पोटावर काळं ओलं फडकं पसरून गिरनारीनाथ महाराज गर्जत होते.

"अलख निरंजन! बारा साल गिरनार के पहाड पे एक पाय पर तप किया! सापाला बोललो, जा, साप गया. वाघाला बोललो, बैस, वाघ बैठा. तू तर किडा आहेस, किडा! निकलतो की बोलावू तुझ्या बापाला?"

महाराजांची हिंदी गिरनारच्या अर्ध्या वाटेवरून माघारी आलेली होती, पण ऐकणाऱ्यांना तेवढी पुरत होती. महाराजांनी फडक्यावर तांब्याची वाटी पालथी घातली, डोळे मिटले, अंग घुसळलं आणि फडक्याखाली हात घालून सर्रकन काहीतरी ओढून काढलं.

वीतभर लांब किडा! हिरवट तांबडा, चकाकणारा, महाराजांच्या चिमटीत वळवळणारा. बाया किंचाळल्या. कुणीतरी म्हसोबाच्या नावानं चांगभलं केलं. ज्योतीरामची आई यशोदाबाई तिथेच जमिनीवर डोकं टेकून रडू लागली. लोकांचं डोळे भरून पाहून व्हायच्या आत महाराजांनी किडा धुनीत टाकला. चर्र आवाज झाला, धूर निघाला.

"आपोआप नाही आला हा! दुधातून खाऊ घातलाय. कुणी? महाराज नाव घेत नाही. पण बाई आहे. कपाळ पांढरं आहे. दारात पांढरी गाय आहे. आणि तिचं रान... रस्त्याला लागून आहे!"

नाव घ्यायची गरजच उरली नव्हती. सगळ्या माना एका दिशेला वळल्या. गर्दीच्या कडेला उभी असलेली सारजाबाई, ज्योतीरामची चुलती, पदर सावरून घराकडे चालू लागली. तिच्या मागे एक दगड पडला. तिला लागला नाही.

"किड्याची आई अजून आत बसलीय," महाराज म्हणाले. "ती अवसेला काढू. आणि जिनं घातली, तिला त्या दिवशी गावाबाहेर काढू. बोला, कबूल?"

"कबूल!" सगळ्यांच्या आधी गेनबा ओरडला. महाराजांना वाडीत आणणारा, पारावर त्यांची धुनी पेटवणारा गेनबाच. सारजाबाईच्या रानाला त्याचं रान लागून होतं. पिंपरीला पेनिसिलीनचा कारखाना उभा राहिल्यापासून, उद्या कारखाने इकडेही येणार अशी बोलवा होती आणि रस्त्याकडेच्या रानावर पुष्कळांची नजर होती.

हे सगळं गर्दीत उभ्या राहून सुमनताई चिटणीस पाहत होत्या.

पाहत होत्या म्हणजे त्यांचे डोळे उघडे होते. त्यांची भावजय रुक्मिणी त्यांना ओढून घेऊन आली होती. "चला वन्सं, चार माणसांत जरा मन रमेल," असं म्हणून. सुमनताईंचं मन रमत नव्हतं आणि दुखतही नव्हतं. त्या प्राणिशास्त्र शिकवत. समुद्रातल्या बिनकण्याच्या जीवांचं, त्यातही अंगावर वळ्या असलेल्या किड्यांचं वर्गीकरण हे त्यांचं काम होतं. कुठला किडा कुठल्या कुळातला, कुणाच्या पायाला कसले राठ केस, कुणाचा जबडा कसा, हे भिंगाखाली पाहून त्या ठरवत. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी चिखल उपसायला त्यांचे पती वामनराव बरोबर असत. किडा सापडला की त्या नाव सांगत आणि वामनराव त्याचं चित्र काढत. गेल्या दिवाळीआधी वामनराव टायफॉइडने गेले. तेव्हापासून सुमनताई रडल्या नव्हत्या. वाढलं तर जेवत, विचारलं तर उत्तर देत. धाकटे भाऊ उद्धवराव चाकणला डॉक्टर होते. ते त्यांना आपल्या घरी घेऊन आले. बरण्यांच्या पेट्याही बरोबर आल्या, पण त्या उघडल्या गेल्या नाहीत.

महाराजांच्या चिमटीतला किडा त्यांनी क्षणभरच पाहिला होता. तेवढ्यात किड्याच्या दोन्ही कडांना काहीतरी झालरीसारखं हललं. पाय. प्रत्येक वळीला पायांची एक जोडी.

नेरीस, त्यांच्या मनात आपसूक आलं. ते नाव वामनरावांना सांगायला त्या सवयीने डावीकडे वळल्या. तिथे रुक्मिणी हात जोडून उभी होती. सुमनताईंनी मान पुन्हा समोर केली. त्यांना काही वाटलं नाही. फक्त एवढं कळलं की हा किडा खाऱ्या पाण्यातला आहे, आणि इथून समुद्र घाटाखाली, लांब आहे.

घरी आल्यावर त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. विचारलं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सारजाबाई नेहमीप्रमाणे वाडीहून चालत दुधाची चरवी घेऊन दारात आली. रुक्मिणी उंबऱ्याच्या आतच थांबली.

"आजच्या दिवस दूध नको, सारजाबाई."

"आन उद्या?"

"उद्याचं उद्या बघू."

सारजाबाईने मान हलवली. "म्या वाटंला वतून दिऊ का, वयनी? घरी नेऊन काय करू? वाडीत कुणी घेत न्हाई. हिरीवर गेले तर माझ्या पोहऱ्याचा दोर कापून टाकलाय."

तिचा आवाज कापत नव्हता. ती जणू दुसऱ्याच कुणाची हकिकत सांगत होती. ओसरीवर बसलेल्या सुमनताईंनी मान वर करून तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो चेहरा त्यांच्या ओळखीचा होता. आरशात रोज दिसायचा.

त्या उठल्या, स्वयंपाकघरातून पातेलं आणलं आणि उंबऱ्यावर ठेवलं. "यात घाला. सगळं."

"वन्सं!" रुक्मिणी दबक्या आवाजात म्हणाली.

"रुक्मिणी, तो किडा समुद्रातला आहे," सुमनताई म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी त्या आपणहून एक पूर्ण वाक्य बोलल्या होत्या. रुक्मिणी किड्यामुळे नव्हे, पण त्या वाक्यामुळे गप्प झाली.

उद्धवरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि खुर्चीवरून उठले. "ताई, मला त्या महाराजाचं काही नाही. मला त्या पोराचं आहे. ज्योतीरामला महिना झाला ताप येतोय. उजव्या कुशीत हात लावू देत नाही. यकृतात पू झालाय त्याच्या. पुण्याला नेऊन सुईनं काढला तर जगेल. आत फुटला तर संपलं. आणि त्याची आई म्हणते, किड्याची आई निघेपर्यंत पोराला सुई लावायची नाही, महाराजांनी बजावलंय."

"चल," सुमनताई म्हणाल्या.

यशोदाबाईच्या घरात धुपाचा दाट वास होता. ज्योतीराम भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याचे डोळे पिवळे दिसत होते. उद्धवरावांनी समजावलं, मग विनवलं, शेवटी आवाज चढवला. यशोदाबाई जागची हलली नाही.

"डाक्तर, तुमी चांगलं मानूस हायसा. पर म्या माझ्या डोळ्यांनी बघितलंय. माझ्या लेकाच्या पोटातनं किडा निघाला. तुमच्या सुईनं कवा निघाला व्हता का?"

सुमनताई यशोदाबाईच्या समोर जमिनीवर बसल्या.

"यशोदाबाई, अवसेला जो किडा निघेल ना, तो कसा असेल ते मी आजच सांगते. त्याच्या डोक्यावर चार काळे ठिपके असतील. ते त्याचे डोळे. अंगाच्या दोन्ही बाजूंनी पाय असतील, इतके की मोजता येणार नाहीत. बोट उलटं फिरवलंत तर खरखरीत लागेल. त्याला चिखलाचा आणि मिठाचा वास येईल. आणि घसा चिरून पाहिला, तर आत दोन काळे आकडे असतील, विळ्यासारखे."

यशोदाबाई पुढे सरकली. "तुमाला कसं ठावं?"

"मी आयुष्यभर तेवढंच पाहिलं आहे. महाराज किडा धुनीत टाकायला निघाले की त्यांचा हात धरा. पोर तुमचं आहे, त्याच्या पोटातून निघालेलं पाहायचा हक्क तुमचा. मी सांगितलं त्यातलं एक जरी चुकलं, तर माझा भाऊ या घराची पायरी चढणार नाही. सगळं बरोबर निघालं, तर त्याच संध्याकाळी ज्योतीरामला पुण्याला पाठवायचं."

"आन तुमी सांगितलेलं खरं निघालं, तर ते कशानं?"

"ते तुम्हीच तेव्हा सांगा."

यशोदाबाईने लेकाच्या पाठीवरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "बगते."

अमावास्येला दुपारी पारावर पहिल्यापेक्षा दुप्पट माणसं जमली. गेनबाने हलगी लावली होती. सारजाबाईला तिच्या घरातून आणून पाराच्या पायरीशी बसवलं होतं. दोन माणसं तिच्या दोन्ही अंगांना उभी होती. ती जमिनीकडे पाहत होती. ज्योतीरामला चौघांनी उचलून आणलं. त्याला आता उठवत नव्हतं.

महाराज रंगात आले होते. "आज इसकी आई! आज घोरपडीसारखी चिकटून बसलीय, मगर महाराज भी गोचीड है, सोडणार नाही!" हलगी थांबली. काळं फडकं, तांब्याची वाटी, घुसळणं, किंकाळी, आणि चिमटीत पहिल्यापेक्षा मोठा किडा.

महाराजांचा हात धुनीकडे वळला. त्यावर यशोदाबाईचे दोन्ही हात पडले.

"मला बगू द्या."

"अरे बाई, जहर है! हात झडून जाईल!"

"झडू द्या. माझ्या लेकाच्या पोटातलं हाय. बगू द्या."

महाराजांनी हिसका दिला. यशोदाबाई भाकरी बडवणारी बाई. तिची पकड सुटली नाही. ओढाताणीत महाराजांचं गिरनार गळून पडलं आणि तोंडून कोकणातली बोली निघाली.

"अगो बाय, सोड ता! सोड म्हणतंय ना!"

गर्दीच्या कोपऱ्यातून कुणीतरी फिसकन हसलं. पण यशोदाबाई हसली नाही. किडा तिच्या तळहातावर होता. आता त्याला चिमटीत पिळणारं कुणी नव्हतं, आणि तो मुळीच हलत नव्हता.

तिने किडा डोळ्यांजवळ नेला. "चार ठिपकं," ती मोठ्याने म्हणाली. बोट उलटं फिरवलं. "खरखरीत." नाकाला लावला आणि तोंड फिरवलं. "मीठ. खारवलेल्या बोंबलावानी वास येतुया." मग तिने सुमनताईंकडे पाहिलं.

सुमनताई पारावर चढल्या. अंबाड्यातला आकडा काढून त्यांनी किड्याचा घसा उघडला आणि पेटी उघडून बरोबर आणलेलं भिंग यशोदाबाईच्या हातात दिलं. आत दोन काळे, वाकडे जबडे होते. यशोदाबाईने ते पाहिलं आणि भिंग शेजारणीकडे दिलं, शेजारणीने पुढच्या बाईकडे. भिंग आणि किडा गर्दीतून हातोहात फिरू लागले.

"हा किडा माणसाच्या पोटात होत नाही," सुमनताई म्हणाल्या. त्यांचा आवाज मोठा नव्हता, त्यामुळे लोकांना गप्प बसावं लागलं. "तुमच्यातल्या प्रत्येक आईनं लेकरांचे जंत पाहिलेत. मला सांगा, जंताला पाय असतात?"

"न्हाई," एक बाई म्हणाली. "गुळगुळीत असत्यात. शेवयावानी."

"बरोबर. आतड्यात आयतं खायला मिळतं, त्याला चालायला पाय कशाला लागतील? याला पाय आहेत, कारण हा समुद्राकाठच्या चिखलात चालतो, पोहतो, शिकार करतो. किनाऱ्यावरचे लोक गळाला लावतात याला. मिठात घातला की महिनोन्महिने टिकतो आणि ओल्या फडक्यात ठेवला की पुन्हा ताजा दिसतो."

"हूं! बायकी बडबड!" महाराज गरजले, पण ते उठून उभे राहिले होते आणि काळं फडकं गोळा करत होते. "किडा मी पोटातून काढला, सगळ्यांनी देखा!"

"मलाही येतं ते," सुमनताई म्हणाल्या. "फडकं द्या."

महाराज देईनात. उद्धवरावांनी ते काढून घेतलं आणि सुमनताईंकडे दिलं. त्यांनी फडक्याची कड चाचपली, एका जागी थांबल्या आणि मान हलवली. मग पाराच्या कडेला पडलेल्या एका धोंड्यावर ते फडकं पसरलं. बैलगाडीच्या चाकाला टेकू द्यायचा साधा काळा धोंडा. त्यांनी डोळे मिटले नाहीत, मंत्र म्हटला नाही. फडक्याखाली हात घातला आणि सावकाश एक किडा ओढून वर धरला. हिरवट, तांबडा, वीतभर. चिमटीत जरा पिळल्यावर तो वळवळायला लागला.

कुणीही किंचाळलं नाही.

"आता सांगा," सुमनताई म्हणाल्या, "या धोंड्याला दूध कुणी पाजलं?"

त्यांनी फडक्याची कड सगळ्यांसमोर उलटी केली. आत दुमडीला शिवलेला लांबट खिसा होता, बोटभर रुंदीचा, आणि त्यात मिठात गुंडाळलेले आणखी किडे होते. त्या एकेक काढून पारावर ठेवत गेल्या. त्यांची बोटं नेहमीच्या सवयीने किडे डोक्याकडून शेपटीकडे सरळ करत होती. एवढ्या गलक्यात आपण काय करतो आहोत हे त्यांना जाणवलं, तेव्हा सगळे किडे ओळीने लावून झाले होते.

मग आरडाओरडा झाला. हलगीवाल्याने हलगी टाकली आणि महाराजांची मानगूट धरली. चार-सहा जण लाथा घालायला धावले. उद्धवराव मध्ये पडले. "मारू नका! चाकणच्या चौकीवर न्या. आणि आधी पोराला गाडीत घाला, पोराला!" गेनबा तोवर कुठे दिसेनासा झाला होता. सारजाबाईच्या दोन्ही अंगांची माणसं आपण तिथे उभेच नव्हतो अशा चेहऱ्याने बाजूला सरकली. ती तशीच पायरीवर बसून राहिली. सुमनताई तिच्या शेजारी जाऊन बसल्या.

चाकणहून कांद्याची एक मोटार पुण्याला निघाली होती, तिच्यात गोणी सरकवून ज्योतीरामला आडवा केला. उद्धवराव बरोबर गेले. दोन दिवसांनी ते परतले ते खुर्चीत बसून झोपीच गेले. पू काढला होता. पोरगा वाचला, पण थोडक्यात. आणखी एखादा दिवस धुनीजवळ गेला असता तर काही करता आलं नसतं.

पावसाळ्याच्या तोंडाशी तो घरी आला, अर्धा झालेला, पण स्वतःच्या पायांनी. यशोदाबाई त्याला घेऊन डॉक्टरांच्या ओसरीवर आली. त्याच वेळी सारजाबाई दूध घालत होती. चुलती-पुतण्याने एकमेकांकडे पाहिलं. यशोदाबाईने वाकून जावेचे पाय धरायला हात पुढे केले. सारजाबाईने पाय मागे घेतले. रागाने नव्हे, नको म्हणून. "बस," म्हणाली. "पोराला उनात उभं करू नगंस."

वाडी आता तिचं दूध घेत होती. पोहऱ्याला नवा दोर कुणीतरी आणून बांधला होता. कुणी बांधला हे कुणी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही.

चरवी रिकामी झाल्यावर ती सुमनताईंना म्हणाली, "ताई, एक इचारू? त्यो किडा दर्याचा निघाला म्हनून म्या वाचले. तुमी दर्याचं शिकल्याला म्हनून तुमाला कळलं. उद्या दुसरा कुनी आला, आपल्याच वढ्यातला किडा काढून दावला, आन तुमी हितं नसला, मंग?"

ओसरीवर रुक्मिणी होती, यशोदाबाई होती, दवाखान्यात आलेली पाच-सहा माणसं होती. सगळ्यांनी सुमनताईंकडे पाहिलं. सुमनताईंना तिच्या प्रश्नाने आत कुठेतरी टोचलं. फार नाही, पण टोचलं.

"मग माझी गरजच नाही," त्या म्हणाल्या. "मी किड्याचं नाव सांगितलं, तेवढंच. महाराजाला पकडलं यशोदाबाईंनी. त्यांनी हात धरला आणि म्हणाल्या, मला बघू द्या. किडा कुठलाही असो, एवढंच करायचं. जो चमत्कार हातात घेऊन बघू देत नाही, जो झाल्याबरोबर जाळून टाकावा लागतो, जो अंधारात किंवा फडक्याखालीच होतो, त्याला म्हणायचं, उजेडात कर. माझ्या फडक्यावर कर. पुन्हा कर. खरं असेल त्याला पुन्हा बघितल्यानं काही होत नाही. आणि दुखणं आलं तर कुणी केलं ते विचारू नका, कशानं झालं ते विचारा. पहिल्या प्रश्नाला शेजारीण सापडते. दुसऱ्याला औषध सापडतं."

सारजाबाईने चरवी उचलली. पायरी उतरता उतरता यशोदाबाईकडे न बघता म्हणाली, "आन इचारायला लवकर शिकायचं, जावबाई. दगड पडायच्या आदी."

यशोदाबाईने मान खाली घातली. "व्हय," ती म्हणाली.